विकायच्या घोडीचा पाय सुजला आहे. सांगावे की झाकावे?

वाचकाचे पत्र : माझ्याकडे चार वर्षांची काठेवाडी घोडी आहे. वडिलांच्या पश्चात घरात घोडे सांभाळणारा मी एकटाच उरलो असल्याने आणि जानेवारीत मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची असल्याने तिला विकायचे ठरवले. नाशिककडच्या एका गृहस्थांनी व्हिडिओ पाहून किंमत बोलली, थोडा इसारही दिला. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडी प्रत्यक्ष पाहून पसंत पडली की सौदा पक्का करायचा, असे ठरले आहे. त्यांना ती आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला स्वारी शिकण्यासाठी हवी आहे. ‘पायाला काही खोड नाही ना?’ असे त्यांनी फोनवर विचारले होते आणि मी ‘नाही’ म्हणालो होतो. तेव्हा ते खरेच होते. आठ दिवसांपूर्वी ट्रॅक्टरच्या आवाजाने बिथरून घोडी गव्हाणीच्या लोखंडी कडेवर आदळली. पुढच्या डाव्या पायाला गुडघ्याखाली आतल्या बाजूने सूज आहे, थोडे खरचटलेही आहे. दोन दिवस लंगडत होती. आता नुसती चालताना काही कळत नाही, पण डांबरी रस्त्यावर दुडकी काढली की किंचित अडखळते. मेहुणे म्हणतात, किरकोळ आहे, यात्रेच्या दिवशी सकाळी दुखण्याचे इंजेक्शन द्या आणि पायांना रंगीत पट्ट्या बांधा, कोणाला कळणार नाही. यात्रा तीन आठवड्यांवर आली आहे. मी काय करावे? आणि किंमत किती कमी करावी?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेल्या दोन प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न उभा आहे आणि तो आपल्या पत्रात कोणीच विचारलेला नाही : घोडीच्या पायाला नेमके काय झाले आहे? मेहुण्यांनी ‘किरकोळ’ म्हटले आणि आपणही तो शब्द जवळजवळ मान्य केला. परंतु दुखापत किरकोळ आहे की नाही, हे तपासणीनंतर ठरते, तपासणीच्या आधी नाही. घोड्याच्या पायाच्या बाबतीत हा क्रम उलटा केला की घोडा, पैसा आणि माणसांतला विश्वास, या तिन्हींचे नुकसान होते. म्हणून आधी पाय, मग ग्राहक आणि शेवटी किंमत, या क्रमाने लिहितो.

घोड्याच्या शरीराचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. गुडघ्याच्या खाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, त्याच्या मागून जाणाऱ्या कंडरा (ज्यांना आपण बोलताना शिरा म्हणतो), सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि वर कातडी, एवढेच तिथे असते. त्यामुळे त्या जागी बसलेला मार मांसात जिरत नाही, तो सरळ हाडाला किंवा शिरेला पोहोचतो. शिवाय या भागाचा रक्तपुरवठा मांसल भागाच्या मानाने कमी असल्याने जखम भरायलाही वेळ लागतो. गुडघ्याखालची सूज लहान दिसली तरी ती मनावर घ्यायची, ती एवढ्याचसाठी.

आपण सांगितलेली जागा, घोडीचे वय आणि लागलेल्या माराचा प्रकार पाहता माझ्या मनात चार शक्यता येतात. पहिली आणि सगळ्यांत सौम्य म्हणजे नुसता मुका मार. त्यात हाडावरचे पातळ आवरण दुखावते आणि विश्रांतीने दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते. दुसरी शक्यता अशी, की गुडघ्याखालच्या मधल्या मोठ्या हाडाच्या, म्हणजे नळीच्या, दोन्ही बाजूंना जी दोन बारीक हाडे असतात, त्यांपैकी आतले हाड दुखावले असावे. तरुण घोड्यात ही बारीक हाडे मोठ्या नळीला एका अस्थिबंधाने जोडलेली असतात आणि वय वाढते तसा तो अस्थिबंध हाडासारखा घट्ट होत जातो. ही प्रक्रिया पुरी होण्याआधी तिथे ताण किंवा मार बसला, की तिथे सूज येऊन पुढे हाडाची टणक गाठ तयार होते. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूची गुडघ्याखालची जागा ही अशा गाठीची ठरलेली जागा आहे. ही गाठ थंड आणि टणक झाली, गुडघ्याच्या सांध्याला चिकटून नसली आणि मागच्या अस्थिबंधाला घासत नसली, तर घोडा पुढे आयुष्यभर नीट काम करतो. गाठ मात्र दिसत राहते. तिसरी शक्यता म्हणजे तेच बारीक हाड मोडले असण्याची. चौथी, सर्वांत गंभीर शक्यता म्हणजे मागची कंडरा किंवा तिच्या पुढे असलेला आधाराचा अस्थिबंध फाटला असण्याची. त्यात नळीच्या मागची रेषा सरळ न राहता कमानीसारखी फुगते, आणि बरे होण्यासाठी आठ ते बारा महिने लागू शकतात. घाईने कामाला लावले तर ती पुन्हा फाटते.

या चारांमधला फरक फोटोवरून सांगता येत नाही आणि पत्रावरून तर मुळीच नाही. पण पशुवैद्यक येण्याआधी आपण काही गोष्टी पाहून लिहून ठेवाव्यात. घोडी शांत उभी असताना दोन्ही पायांवर एकाच वेळी हाताची मागची बाजू फिरवावी. सुजलेली जागा उजव्या पायातल्या त्याच जागेपेक्षा गरम लागते का ते पाहावे. नंतर पाय उचलून, गुडघ्यात दुमडून, अंगठ्याने नळीची आतली कड वरून खाली हळूहळू दाबत जावे. घोडी कुठे पाय ओढून घेते ती जागा लक्षात ठेवावी. त्याच स्थितीत मागच्या शिरांच्या कडा बोटांत धरून पाहाव्यात. त्या दोरीसारख्या स्पष्ट लागल्या तर बरे, मऊ किंवा जाड लागल्या तर पशुवैद्यकाला ते सर्वांत आधी सांगावे. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना नाडी लागते. ती एका पायात ठळकपणे उडत असेल तर दुखणे खुरातही असू शकते. अचानक लंगडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण खुरातला पू हेच असते. मार लागला म्हणून सगळे लक्ष सुजेकडे गेले आणि खूर तपासायचे राहूनच गेले, असे पुष्कळदा होते. म्हणून चारही खूर खरवडून स्वच्छ करून तळवा पाहावा.

लंगडणे पाहण्याचीही एक पद्धत आहे. घोडीला मोहरकी घालून, दोर सैल सोडून, टणक आणि सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडकीने पळवावे आणि कोणाला तरी पुढून व मागून व्हिडिओ काढायला सांगावे. दोर आखूड धरला की डोक्याची हालचाल दबते आणि मग काहीच कळत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. डांबरी रस्त्यावर दिसणारी आपल्या घोडीची अडखळ बहुधा हीच असावी. हे एकदाच, पाच-सहा फेऱ्यांपुरते करावे. रोज पळवून ‘आज कशी आहे’ हे पाहण्याचा मोह आवरावा, कारण रोजची ती परीक्षाच दुखापत वाढवते.

यानंतर पशुवैद्यक. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात घोड्यांचा सराव असलेले डॉक्टर असतीलच असे नाही. पण पहिली तपासणी, जखम आणि धनुर्वाताची लस यांसाठी तेच योग्य आहेत आणि 1962 या क्रमांकावर फिरत्या पथकाचीही चौकशी करता येईल. पायाचा एक्स-रे मात्र काढून घ्यावाच. तो जिल्ह्याच्या ठिकाणच्या खासगी पशुवैद्यकांकडे, नाहीतर मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर किंवा नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत निघण्याची सोय आहे का, ते आधी फोनवर विचारावे. घोडीला दूर नेण्यापेक्षा एक्स-रेचे छोटे यंत्र घेऊन गोठ्यावर येणारे डॉक्टर मिळाले तर दोन पैसे जास्त मोजूनही तेच बरे. हाडाला गेलेली बारीक भेग पहिल्या काही दिवसांत एक्स-रेवर कधी कधी दिसत नाही, म्हणून पहिले चित्र स्वच्छ आले आणि दुखणे तसेच राहिले तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे. शिरेबद्दल शंका आली तर एक्स-रेचा उपयोग नाही; तिथे सोनोग्राफीच लागते. हा सगळा खर्च आपल्याला या घटकेला जड वाटेल. पण पुढे किंमतीबद्दल जे लिहिणार आहे ते वाचल्यावर हा खर्च कशासाठी, ते आपल्याला पटेल.

दरम्यान घोडीचे काम पूर्ण बंद ठेवावे. तिला कोरड्या, सपाट, मऊ अंथरलेल्या जागेत मोकळी ठेवता आली तर उत्तम. आगाडी-पिछाडी बांधून एकाच जागी खिळवून ठेवू नये, कारण सुजलेल्या पायाला थोडी स्वतःच्या मनाची हालचाल हवी असते. थंड पाण्याचा मारा पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत गुणकारी असतो. आता आठ दिवस झाले असले तरी जागा गरम लागत असेल तर रबरी नळीने पंधरा ते वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा पाणी सोडावे आणि नंतर पाय कोरडा पुसावा. खरचटलेली जागा उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून त्याने धुवावी. हळद-तेल, डिझेल, जळके ऑइल, चुना यांतले काहीही लावू नये. गुडघ्याखालच्या जखमेत मांस वर वाढून येण्याची खोड घोड्यांत फार असते आणि असले जहाल लेप तिला खतपाणी घालतात. जखमेतून चिकट, पिवळसर, ताणल्यावर तार सुटणारे पाणी येत असेल, किंवा घोडी एकाएकी पाय टेकेनाशी झाली, तर सांध्यात किंवा शिरेच्या आवरणात जंतू शिरल्याची ती खूण असू शकते. तेव्हा सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे.

धनुर्वाताचे जंतू लीदीत आणि मातीत असतात आणि पाळीव जनावरांमध्ये घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा दुसरा प्राणी नाही. खरचटणे वाळले म्हणून हा धोका टळत नाही. शेवटची लस कधी दिली, हे आपल्याला नक्की सांगता येत नसेल तर ती दिलेलीच नाही असे समजून डॉक्टरांना पहिल्या फोनवरच सांगावे.

चंदीबद्दलही, म्हणजे दाण्याच्या खुराकाबद्दलही, लिहितो, कारण ही गोष्ट हटकून विसरली जाते. घोडी उभी असताना तिला कामाच्या दिवसांइतकाच हरभरा आणि जव चालू ठेवला, तर पुन्हा काम सुरू करताना तिचे स्नायू जखडू शकतात आणि खुरांच्या आत दाहही होऊ शकतो. चंदी निम्म्याहून खाली आणावी, चांगला कोरडा चारा पोटभर द्यावा, पाणी सतत समोर असावे. विकायची घोडी भरलेली दिसावी म्हणून विश्रांतीच्या काळात चंदी वाढवणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांना कळवळून सांगावेसे वाटते, की याने घोडा सजत नाही, आजारी पडतो.

पट्टी बांधायची असेल तर ती डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्यावी. खाली कापसाचा जाड, सारखा थर नसताना घट्ट बांधलेली पट्टी शिरेवर काचते आणि जिथे दुखापत नव्हती तिथे नवी करून ठेवते. मेहुणे म्हणतात त्या रंगीत पट्ट्या मिरवणुकीत शोभतात, सुजलेल्या पायावर त्या नकोत. आपल्या भागात अजूनही पायाला डागणी देण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात, त्यांचेही ऐकू नये. डागल्याने हाड किंवा शीर लवकर बरी होत नाही, घोडीला विनाकारण यातना होतात, आणि ज्या सौद्याची आपल्याला काळजी आहे त्या सौद्यात डागलेला पाय पाहून जाणता ग्राहक दुसरा प्रश्न न विचारता पुढे जातो.

आता त्या इंजेक्शनकडे वळतो. वेदनाशामक औषध हे वाईट नाही. डॉक्टरांनी तपासून, ठरावीक दिवसांसाठी दिले तर ते उपचाराचाच भाग असते. त्यातही मनाने दुकानातून आणून टोचू नये. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी वापरण्यावर 2006 पासून आणि केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक यांवर 2023 पासून बंदी आहे. ही औषधे दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे त्या बंदीचे कारण. पण यात्रेच्या सकाळी दिलेले इंजेक्शन, औषध कोणतेही असो, उपचार नसते. वेदना ही घोडीला त्या पायावर भार देण्यापासून रोखणारी एकमेव गोष्ट आहे. ती दिवसभरासाठी काढून घेतली आणि त्याच दिवशी गर्दीत, टणक मैदानावर, ढोल-ताशांत तिला पाच जणांसमोर रेवाल चाल आणि दुडकी करून दाखवायला लावली, तर बारीक हाडाची भेग पूर्ण मोडू शकते आणि थोडी फाटलेली शीर पूर्ण फाटू शकते. मग ग्राहकाने घरी नेल्यावर औषध उतरते आणि पाठीवर पंधरा वर्षांची नवशिकी मुलगी असते. दुखऱ्या पायाचा घोडा ठेचकाळतो, कधी खाली बसतो, कधी दुखते म्हणून उसळतो. आपल्यालाही मुलगी आहे, म्हणून यापुढे अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर भारतीय करार कायदा, 1872 यातील कलम 17 मध्ये फसवणूक म्हणजे काय हे सांगताना घोड्याच्याच विक्रीची उदाहरणे दिली आहेत. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याचा दोष माहीत आहे आणि तो काहीच बोलला नाही, तर नुसते गप्प राहणे ही फसवणूक होत नाही, असे पहिले उदाहरण सांगते. पुष्कळ हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, एवढेच उदाहरण ऐकून असतात. पण पुढच्याच एका उदाहरणात विकत घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन,’ आणि विकणारा गप्प राहतो. तिथे त्याचे गप्प राहणे हे बोलण्याइतकेच धरले जाते. आपल्या बाबतीत तर ग्राहकाने स्पष्ट विचारले आहे आणि आपण स्पष्ट उत्तर दिले आहे. ते उत्तर त्या दिवशी खरे होते, आज ते खरे राहिलेले नाही, आणि समोरचा माणूस अजून त्याच उत्तरावर विसंबून आहे. ते दुरुस्त करणे आपल्याकडे आहे. इंजेक्शन आणि पट्टी यांचे तर वेगळेच : माहीत असलेली गोष्ट कृती करून लपवणे हे त्याच कलमात फसवणूक म्हणून नोंदलेले आहे आणि असा करार ग्राहकाला मोडता येतो.

तेव्हा त्यांना आजच फोन करावा. एक्स-रे येईपर्यंत थांबू नये, कारण उद्या त्यांनी वाहन ठरवले, यात्रेत उतरण्याची सोय केली, की त्यांचा खर्च सुरू होतो. बोलताना लांबण लावू नये आणि ‘विशेष काही नाही’ अशी सुरुवातही करू नये. ‘आपण पायाबद्दल विचारले होते, तेव्हा घोडी निर्दोष होती. अमुक तारखेला ती गव्हाणीवर आदळली, डाव्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली आतून सूज आहे, दुडकीत थोडी लंगडते. डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढतो आहे, निकाल आला की तो आपल्याला पाठवतो. तोवर सौदा थांबवावा, आणि आपल्याला इसार परत हवा असेल तर मी तो देतो,’ एवढे पुरेसे आहे. नंतर हेच शब्द, सुजेचा फोटो आणि दुडकीचा व्हिडिओ मोबाइलवर पाठवून ठेवावा, म्हणजे कोण काय बोलले याबद्दल पुढे वाद राहणार नाही. त्यांना स्वतःचे डॉक्टर पाठवायचे असतील तर मनापासून हो म्हणावे.

त्यांनी इसार परत मागितला तर तो कुरकुर न करता द्यावा. घोडी पाहून पसंत पडली तरच सौदा, असे आपलेच ठरले होते.

सारंगखेड्याला या वर्षी घोडी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रकमध्ये घोडा प्रत्येक वळणाला आणि गचक्याला चारही पाय रोवून तोल सांभाळतो आणि पुढच्या पायांवर त्याचा सर्वांत जास्त ताण येतो. घोड्यांच्या वाहतुकीसाठी प्रवासाला योग्य असल्याचा आणि संसर्गजन्य रोग नसल्याचा पशुवैद्यकाचा दाखला नियमाने लागतो. लंगडणाऱ्या घोडीला तो मागणे म्हणजे डॉक्टरांनाही अडचणीत टाकणे आहे. दत्तजयंती हुकली तर सुमारे पंधरा दिवसांनी माळेगावची खंडोबाची यात्रा येते, तिथे नेऊ, असा विचार मनात येईल. पण बारीक हाडाची दुखापत असली तर चार ते सहा आठवडे विश्रांती आणि मग हळूहळू चाल वाढवणे, हा किमान काळ आहे, आणि पंधरा दिवसांनी त्यात काही भागत नाही. या घोडीची विक्री आता घरूनच, निवांत, कागद हातात घेऊन व्हावी. रुमालाखाली बोटे दाबून किंमत ठरवणाऱ्या बाजारातल्या सौद्यात दुखापतीचा इतिहास सांगायला जागाच नसते.

जाता जाता ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचाही उल्लेख करतो. पायावरची सूज एकाच जागी, मार लागलेल्या ठिकाणी आहे तोवर हा विषय नाही. पण पायावर रांगेने गाठी उठून फुटू लागल्या, नाकातून घट्ट शेंबूड येऊ लागला किंवा ताप 38.5 अंश सेल्सिअसच्या वर राहू लागला, तर घोडीला इतर जनावरांपासून वेगळे करून डॉक्टरांना लगेच कळवावे. तो रोग माणसालाही होतो. विक्रीपूर्वी त्याची रक्ततपासणी तशीही करून घ्यावी, चांगला ग्राहक ती मागतोच.

आता किंमत. आपण विचारता, किती कमी करावी. माझे उत्तर असे आहे, की आज एक रुपयाही कमी करू नये आणि आज विकूही नये. कारण ग्राहक सुजेसाठी पैसे कापत नाही, तो अनिश्चिततेसाठी कापतो. काय आहे ते माहीत नसलेली सूज दिसली, की तो मनात सर्वांत वाईट शक्यता धरतो, म्हणजे फाटलेली शीर, वर्षभर उभी घोडी, आणि त्या हिशेबाने बोलतो; आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तसेच केले असते. तीच सूज एक्स-रे, डॉक्टरांचा लेखी निष्कर्ष आणि विश्रांतीनंतरचा व्हिडिओ यांसह समोर आली, की ती ‘जुनी, थंड, टणक गाठ, चालीवर परिणाम नाही’ एवढ्या एका ओळीत मावते. एक्स-रेचा खर्च कशासाठी, याचे उत्तर हेच.

नुसता मुका मार निघाला आणि घोडी पूर्ण सुधारली, तर ठरलेली किंमत तशीच राहावी असे आपण निर्धास्तपणे म्हणू शकता. बारीक हाडाची गाठ राहिली तर ती दिसण्यातली उणीव आहे. घोड्यांच्या प्रदर्शनात उतरवणाऱ्यासाठी तिला महत्त्व असेल, मुलीला स्वारी शिकवणाऱ्यासाठी फारसे नाही, आणि थोडी सूट देऊन सौदा होऊ शकतो. बारीक हाड मोडले असेल तर पुढचा निर्णय शस्त्रक्रिया लागेल की विश्रांतीने भागेल यावर अवलंबून आहे. तोवर विक्रीचा विचार बाजूला ठेवावा. शीर फाटली असेल तर नवशिक्या मुलीसाठी ही घोडी देऊ नये, भले ते गृहस्थ ‘चालेल’ म्हणाले तरी. अशा वेळी चांगल्या रक्ताची काठेवाडी घोडी शिंगरांसाठी ठेवणारा पागेवाला शोधावा. त्याला ती स्वारीसाठी नको असते आणि दुखापत माहीत असूनही तो योग्य किंमत देऊ शकतो. बाजारात लोक अंगावरच्या केसांच्या भोवऱ्या आणि पंचकल्याण (चारही पाय व तोंड पांढरे असणे) पाहण्यात अर्धा दिवस घालवतात आणि चार पाय पाच मिनिटांत उरकतात, हे मला नेहमी खटकत आले आहे. आपला ग्राहक पायाबद्दल आधी विचारणारा आहे, म्हणजे तो समजूतदार आहे, आणि त्याला धरून ठेवणे आपल्या हिताचे आहे.

फीची तारीख जवळ असल्याने आपली घाई मी समजू शकतो. त्यावर एक मार्ग सुचवतो. निष्कर्ष सौम्य निघाला आणि त्या गृहस्थांची इच्छा कायम राहिली, तर त्यांनी ठरलेल्या रकमेतला काही भाग आता द्यावा, घोडी विश्रांतीच्या काळात आपल्याकडेच राहावी, तिच्या चाऱ्याचा आणि औषधाचा खर्च आपण करावा, आणि सहा आठवड्यांनी त्यांच्या पसंतीच्या डॉक्टरांनी ती दुडकीत निर्दोष ठरवली की उरलेली रक्कम देऊन त्यांनी ती न्यावी. निर्दोष ठरली नाही तर आगाऊ रक्कम किती दिवसांत परत करायची, हेही त्याच वेळी ठरवावे, आणि जेवढी रक्कम परत करण्याची आपली ताकद आहे तेवढीच आगाऊ घ्यावी. हे त्यांना मान्य नसेल तर फीसाठी मुलीच्या वसतिगृहाकडे हप्त्यांची मुदत मागणे हे दुखऱ्या पायाची घोडी घाईने विकण्यापेक्षा नक्कीच कमी नुकसानीचे आहे.

जे काही ठरेल ते साध्या मराठीत एका कागदावर लिहावे. त्यात घोडीचा रंग, वय, अंगावरच्या खुणा, दुखापतीची तारीख आणि जागा, एक्स-रेची तारीख, डॉक्टरांचा निष्कर्ष त्यांच्याच शब्दांत, दिलेली औषधे आणि त्यांचा शेवटचा दिवस, दिलेली आणि उरलेली रक्कम, आणि घोडी कोणत्या दिवसापासून कोणाच्या जबाबदारीवर, हे यावे. शेवटच्या तपासणीच्या निदान आठवडाभर आधी वेदनाशामक बंद असावे आणि ते बंद होते याचीही त्यात नोंद असावी. तीच ओळ ग्राहकाला सर्वांत जास्त निर्धास्त करील. दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि साक्षीदारांपैकी एक मेहुणे असावेत.